६२ नावं, सव्वादोन लाखांचं रिन्यूअल आणि बायकोचा प्रश्न: घेणार कोण?

पत्र थोडक्यात देतेय, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय.

वाचक खारघरला राहतात, वय ३६, ऐरोलीला आयटीत नोकरी. ८ ऑक्टोबर २०२५ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं आणि पुढच्या महिना-दोन महिन्यांत त्यांनी ६२ डोमेन नावं, म्हणजे वेबसाइटचे पत्ते, घेतली. सगळी नवीन एक्स्टेंशनमधली (एक्स्टेंशन म्हणजे पत्त्यातला डॉटपुढचा भाग), म्हणजे डॉट होम्स, डॉट रेंटल्स, डॉट टॅक्सी, डॉट फ्लाइट्स, डॉट एक्सवायझेड वगैरे, आणि डावीकडे उलवे, पनवेल, तळोजा अशी गावांची नि नोडची नावं, काही बिल्डरांची नावंसुद्धा. पहिल्या वर्षी ऑफरमध्ये मिळाली, सगळी मिळून ३८ हजार. एका व्हॅल्यूएशन टूलमध्ये टाकली तर एकूण किंमत ३१ लाख दाखवते. आता रिन्यूअलचं बिल आलंय २ लाख २२ हजार, ६० नावांना सरासरी तीन हजार आणि दोन 'प्रीमियम' नावांना २१-२१ हजार. सोनं तारण ठेवून भरावं का असा विचार चाललाय. बायको म्हणते सोडून दे, घेणार कोण ही नावं, पण तिला यातलं काही कळत नाही असं ते लिहितात. मेव्हण्याच्या मित्राचं एक नाव साडेचार लाखाला गेलंय. आणि मागच्याच आठवड्यात एका परदेशी माणसाचा मेल आलाय, एका नावाला ९,२०० डॉलर देतो म्हणतो, फक्त आधी किमतीचं सर्टिफिकेट काढून पाठवा. ठेवू की सोडू, आणि खरी रीसेल किंमत ओळखायची कशी? शिवाय ता.क. मध्ये, डॉट भारतमध्ये मराठी नावं घेऊन ठेवली तर पुढे चालतील का?

प्रिय खारघरकर,

बाकीचं सावकाश बोलू, पण त्या मेलचं आजच बघा. त्याला पैसे देऊ नका आणि सर्टिफिकेट काढू नका, हा डोमेनच्या धंद्यातला खूप जुना फसवणुकीचा प्रकार आहे. तो माणूस मोठी रक्कम सांगतो, मग म्हणतो माझा पार्टनर किंवा माझी बँक किमतीचा दाखला मागतेय, आणि दाखला कुठून काढायचा ती साइटसुद्धा तोच सुचवतो, किंवा एखाद्या फोरमची लिंक देतो जिथे कुणीतरी त्याच साइटचं कौतुक केलेलं असतं. तुम्ही शंभर-दीडशे डॉलर भरता, दाखला येतो, किंमत सांगितलेल्यापेक्षाही जास्त असते आणि खरेदीदार गायब होतो, कारण ती साइट त्याचीच असते. खरा घेणारा असं कधी करत नाही, त्याला नाव हवं असतं, किंमत तो त्याच्या खिशाकडे बघून ठरवतो. खात्री करायची असेल तर एक ओळ लिहा, की दाखला नाही, पैसे एस्क्रोमध्ये, म्हणजे व्यवहार होईपर्यंत ते सांभाळणाऱ्या तिसऱ्या कंपनीकडे भरा, तिथे आले की नाव लगेच ट्रान्सफर करतो. पुढे उत्तर आलं तर आनंदच आहे. आणि आधीच काही भरून बसला असाल तर लाजू नका, १९३० या हेल्पलाइनला फोन करा आणि सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका.

मी हे आधी घेतलं कारण या मेलमुळे तुमचं मत बदललंय असं पत्रावरून वाटलं. ३१ लाखाच्या आकड्यावर तुमचा विश्वास होताच, त्यात ९,२०० डॉलर आले आणि बायकोचं म्हणणं एकदम चुकीचं वाटायला लागलं.

मी ठाण्यात छोट्या दुकानदारांच्या, क्लासवाल्यांच्या, डॉक्टरांच्या वेबसाइट करते, बरीच वर्षं झाली. २०१६ साली मीसुद्धा अशी १४ नावं घेतली होती, नवीन एक्स्टेंशनमधली. चार वर्षं रिन्यू केली, आणि त्यातलं एक नाव विकलं गेलं, सात हजाराला, ठाण्यातल्याच एका दुकानदाराला. वर्षभराने त्याने मला फोन केला, म्हणाला ताई, गिऱ्हाईकं शेवटी डॉट कॉमच लावतात आणि दुसऱ्याच कुणाच्या तरी साइटवर जातात. मी त्याचे पैसे परत केले कारण मला ते बरोबर वाटेना. तर हे मी लांबून बघून लिहीत नाहीये, तुम्ही आत्ता जिथे आहात तिथे मी होते.

आता किमतीचं बोलू. टूल आकडा कसा काढतं तर तसल्या शब्दांची पूर्वीची विक्री, तो शब्द किती लोक सर्च करतात, त्यावर जाहिरातीला किती पैसे पडतात, नाव किती लांब आहे, असं सगळं घालून. उलवे आणि घरं या दोन्ही गोष्टी लोक भरपूर शोधतात, मग आकडा मोठा येणारच. पण हे नाव कुणाला लागणार आहे आणि त्याच्याकडे आज काय आहे हे टूलला माहीत नसतं. डोमेन म्हणजे सोनं नाही की तोळ्याचा भाव सगळ्या सराफांकडे जवळपास सारखा. प्रत्येक नाव एकच असतं आणि ते घेणारी माणसंही मोजकी, कधी पाच, कधी एक, कधी एकही नाही. म्हणून तुमच्या मिसेसनी जे विचारलं, घेणार कोण, तोच या सगळ्या धंद्यातला पहिला प्रश्न आहे आणि तो त्यांनी तुमच्या आधी विचारला. त्यांना यातलं कळत नाही हे वाक्य तेवढं मागे घ्या.

एका नावाच्या किमती दोन असतात हेही लक्षात घ्या. एक, ज्याला ते वापरायचंय तो देईल ती. दुसरी, तुमच्यासारखाच नावं घेऊन विकणारा दुसरा डीलर आज, आत्ता देईल ती. चांगल्या डॉट कॉमला या दोन्ही असतात, म्हणजे अगदी गरज पडली तर कमी भावात का होईना पण डीलरला देऊन मोकळं होता येतं. तुमच्या एक्स्टेंशनमधल्या नावांना ही दुसरी किंमत जवळजवळ नसतेच, डीलर ती घेत नाहीत कारण त्यांनाही वर्षाला तीन हजार भरायचे नसतात. बघायचं असेल तर दोन-तीन नावं लिलावात कमीत कमी बोलीवर लावा आणि आठ दिवस थांबा, टूलपेक्षा खरं उत्तर तिथे मिळेल.

विकली जातच नाहीत असं नाही हां. २०१८ मध्ये व्हेकेशन डॉट रेंटल्स ५,००,३०० डॉलरला गेलं, त्याच वर्षी होम डॉट लोन्स ५ लाख डॉलरला. पण ती नावं जरा मोठ्याने म्हणून बघा. डॉटच्या डावीकडचा आणि उजवीकडचा शब्द मिळून लोकांच्या तोंडात आधीपासून असलेला एकच शब्दप्रयोग होतो, आणि त्या धंद्यात जगभर पैसा आहे. असे जोड हाताच्या बोटावर मोजण्याइतके असतात. आणि ते एवढ्याला विकले गेले तरी, २०१९ मध्ये व्हॉइस डॉट कॉम तीन कोटी डॉलरला गेलं, हा फरक केवढा आहे ते बघा.

शिवाय यातले चांगले जोड तुमच्या-माझ्यापर्यंत साध्या भावात येतच नाहीत. २०१२ साली इंटरनेटवरच्या नावांचा कारभार बघणाऱ्या आयकॅन या संस्थेनं नवीन एक्स्टेंशनसाठी अर्ज मागवले तेव्हा एका अर्जाची फी १,८५,००० डॉलर होती, १,९३० अर्ज आले, आणि २०१३ च्या शेवटापासून ही एक्स्टेंशन्स यायला लागली. एवढे पैसे घालून एक्स्टेंशन चालवणारी कंपनी, तिला रजिस्ट्री म्हणतात, ती काय चांगले शब्द सहाशे रुपयाला सोडून देणार आहे का? त्यांनी यादी केली, चांगले शब्द बाजूला काढले, त्यांना 'प्रीमियम' भाव लावला, आणि बऱ्याच ठिकाणी तो भाव पहिल्या वर्षापुरता नाही तर दर वर्षीच्या रिन्यूअललाही लावला. तुमची दोन २१ हजारांची नावं त्यातलीच. बिल्डर जसे रोड टच गाळे स्वतःच्या हातात ठेवतो आणि मागचे गाळे दिवाळीच्या ऑफरमध्ये काढतो तसंच हे. जे ऑफरमध्ये मिळालं त्याला रजिस्ट्रीने स्वतः आधीच किंमत लावून बघितलेली असते, आणि ती कमी असते म्हणूनच ते ऑफरमध्ये असतं.

आणि हे तुम्ही नवी मुंबईत राहता म्हणून तुम्हाला लगेच समजेल, डोमेन ही मालकी नाही, लीज आहे. सिडकोचा प्लॉट घेतला तरी कागदावर आपण लीजहोल्डर असतो, पण ती लीज ६० वर्षांची असायची. डोमेनची एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांची, आणि तुमची तर एकेक वर्षाचीच आहे. आता भाडं कोण ठरवतं ते बघा. डॉट कॉमचा घाऊक दर सप्टेंबर २०२४ मध्ये १०.२६ डॉलर झाला आणि तो किती वाढवायचा याला करारात मर्यादा आहे, सहा वर्षांतल्या चार वर्षांत, वर्षाला ७ टक्क्यांपर्यंतच. नवीन एक्स्टेंशनला अशी मर्यादाच नाही. २०१७ मध्ये एका रजिस्ट्रीने आपल्या काही एक्स्टेंशनचे दर वाढवले, काहींचे तर कित्येक पटींनी, आणि ज्यांनी शेकडो नावं धरून ठेवली होती ते रातोरात अडकले. आयकॅनच्या करारामुळे तुम्हाला एवढंच मिळतं की रिन्यूअलचा दर वाढवायचा तर रजिस्ट्रीला १८० दिवस आधी कळवावं लागतं आणि त्या काळात जुन्या दराने १० वर्षांपर्यंत रिन्यू करता येतं. हे माहीत असू द्या, वापरायचं एखादं नाव असेल तर कामाला येईल.

एक्स्टेंशनच बंद पडतं असंही होतं. डॉट वेड नावाचं होतं, लग्नांसाठी. त्यांचा हिशोब असा की जोडपं लग्नाची साइट वर्ष-दोन वर्षं ठेवेल आणि सोडेल, म्हणून तिसऱ्या वर्षाचा दर त्यांनी ३०,००० डॉलर लावला. नावं घेतलीच नाहीत कुणी फारशी, आणि २०१७ च्या डिसेंबरमध्ये ते एक्स्टेंशन आयकॅनला आणीबाणीच्या व्यवस्थेत हलवावं लागलं. डॉट टीके सारखी फुकट मिळणारी नावं आठवत असतील, ती वाटणारी कंपनी २०२३ मध्ये मेटाने कोर्टात खेचल्यावर नवीन नोंदणी बंद करून बसली आणि पुढच्या वर्षी धंद्यातूनच बाहेर पडली. देशांची एक्स्टेंशन्सही अमर नसतात, युगोस्लाव्हियाचं डॉट वाययू २०१० मध्ये कायमचं काढून टाकलं. आणि स्टार्टअपवाल्यांचं आवडतं डॉट आयओ ज्या चागोस बेटांच्या नावावर आहे ती मॉरिशसला द्यायचा करार ब्रिटनने मे २०२५ मध्ये केला, आणि त्यामुळे डॉट आयओच्या भविष्यावर बरीच चर्चा झाली.

आता तुमच्या नावांचा साधा हिशोब मांडू, कागद घ्या आणि मिसेसना शेजारी बसवा.

नावांचा धंदा करणारे लोक साधारण असं धरतात की वर्षाला शंभरातली एक, फार तर दोन नावं विकली जातात, आणि हे बऱ्यापैकी चांगल्या डॉट कॉमचं. तुमच्यासाठी आपण उदार होऊन शंभरात एक धरू. मग एका नावाचं वार्षिक रिन्यूअल भागिले ती शक्यता, म्हणजे ३,००० गुणिले १००, झाले ३ लाख. याचा अर्थ तुमचं प्रत्येक विकलं जाणारं नाव हातात ३ लाख देऊन गेलं तरच फक्त रिन्यूअलचा खर्च भरून निघतो, नफा शून्य. हेच डॉट कॉमचं, वर्षाला बाराशे धरले तर १ लाख २० हजार. तुमच्या २१ हजारवाल्या दोन नावांचं, प्रत्येकी २१ लाख. एवढी एक आकडेमोड करून बघितली असती तर, आणि हे मी तुम्हाला दोष द्यायला म्हणत नाहीये, ही नावं घेतलीच गेली नसती. जो कुणी कुठलंही विचित्र एक्स्टेंशन घ्यायला निघालाय त्याने पहिल्या वर्षाच्या दराकडे बघूच नये, रिन्यूअलचा दर शोधावा, त्याला शंभरने गुणावं, आणि स्वतःला विचारावं की एवढे पैसे देणारा माणूस मला डोळ्यासमोर दिसतोय का.

दुसऱ्या बाजूनेही बघा. ६२ नावं, शंभरात एक, म्हणजे साधारण १९-२० महिन्यांत एक विक्री. ती ६० हजाराला झाली असं धरू, मार्केटप्लेसचं कमिशन १५ ते २५ टक्के जातं, हातात आले ४५-५० हजार. तेवढ्या काळात रिन्यूअल गेलं साडेतीन लाखाच्या वर. सोनं तारण ठेवलं तर त्याचं व्याज वेगळं. नाही, सोनं ठेवू नका, या कामासाठी तर अजिबात नाही.

मेव्हण्याच्या मित्राचं साडेचार लाखाचं नाव खरंही असेल. पण त्याला तीन गोष्टी विचारा, एक्स्टेंशन कुठलं होतं, त्याच्याकडे एकूण नावं किती आहेत, आणि गेल्या पाच वर्षांत रिन्यूअलवर किती गेले. पहिल्याचं उत्तर बहुतेक डॉट कॉम किंवा डॉट इन येईल, आणि तिसऱ्याचं उत्तर बहुतेक येणारच नाही.

तुम्ही म्हणाल, डॉट एआयचं काय? बरोबर आहे, ते अँग्विला नावाच्या छोट्या बेटाचं एक्स्टेंशन, आणि २०२३ मध्ये त्या बेटाच्या सरकारच्या उत्पन्नाचा साधारण पाचवा हिस्सा त्यातून आला. तिथे यू डॉट एआय सात लाख डॉलरला गेलंय. पण तिथे आधी घेणारे आले, हजारो कंपन्या, हातात गुंतवणूकदारांचा पैसा, आणि त्यांना ती दोन अक्षरं आपल्या नावापुढे हवीच होती. उलव्याच्या ब्रोकरला डॉट होम्स हवंय का? तो काय वापरतो ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीये, व्हॉट्सअ‍ॅप, गुगल मॅप्सवर दुकान, इन्स्टावर रील, आणि दोन प्रॉपर्टी पोर्टलची मेंबरशिप. वेबसाइट असलीच तर पोर्टलची पैसे भरायची तारीख आली की तो आधी वेबसाइट बंद करतो. मी हे तक्रार म्हणून सांगत नाही, माझी कितीतरी गिऱ्हाईकं अशीच गेलीत आणि त्यांच्या जागी त्यांचं बरोबरच होतं.

विमानतळाने भाव वाढतो तो जमिनीचा, कारण जमीन वाढत नाही. नावं मात्र वाढतच राहतात. उलवे या एका शब्दापुढे लावायला आज हजाराच्या वर एक्स्टेंशन्स आहेत, आणि आयकॅनची नवीन अर्जांची फेरी २०२६ चीच आहे, फी २,२७,००० डॉलर, म्हणजे अजून येणार. ब्रोकरने तुमच्याकडून पन्नास हजाराला एक घ्यायच्या ऐवजी शेजारचं सातशे रुपयाला घेतलं तर त्याचं काय अडलं?

आणि आपल्या गावांच्या नावांची एक अडचण आहे ती बाहेरच्या टूलला कळूच शकत नाही. उलवे इंग्रजीत डब्ल्यूनी लिहायचं की व्हीनी? कोपरखैरणे एक शब्द की दोन, आणि शेवटी काय? खारघरमध्ये दुसरा एच लोक निम्म्या वेळा गाळतात. म्हणजे आधी नाव चुकणार, मग एक्स्टेंशन आठवणार नाही, मग शेवटी सवयीने डॉट कॉम लागणार. एक करा, येत्या रविवारी दहा जणांना फोनवर तुमचं सगळ्यात आवडतं नाव एकदाच सांगा, लिहून घ्या म्हणा आणि संध्याकाळी टाइप करायला लावा. किती जण बरोबर जागी पोचतात ते मोजा. विकत घेणारा हेच मनातल्या मनात करत असतो.

आता तुमच्या यादीत हात घालू. ज्या नावांत बिल्डरचं किंवा कुठल्याही कंपनीचं नाव आहे, मी नऊ मोजली, ती रिन्यू करू नका आणि त्या कंपनीला विकायचा मेल तर मुळीच करू नका. ट्रेडमार्क असलेलं नाव घेऊन मालकालाच विकायला जाणं हाच वाईट हेतूचा पुरावा धरला जातो. नवीन सगळ्या एक्स्टेंशनना यूडीआरपी, म्हणजे डोमेनचे वाद कोर्टाबाहेर मिटवायचे नियम, लागू आहेत, विपो या जागतिक बौद्धिक संपदा संस्थेकडे एका परीक्षकाची तक्रार १,५०० डॉलरमध्ये होते, मोठ्या कंपनीला ती काहीच नाही, आणि हरलात तर नाव जातं नि बदल्यात दमडी मिळत नाही. डॉट इनला असंच आयएनडीआरपी आहे. आपल्या सुप्रीम कोर्टानेही २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात डोमेन नावाला ट्रेडमार्कसारखं संरक्षण आहे असं सांगून ठेवलंय.

दोन प्रीमियम नावंही सोडा. जीव कळवळेल, मला माहितीये, पण २१ लाखांचा माणूस दिसत नसेल तर दर वर्षी ४२ हजार कशाला?

उरली ५१. त्यांना एकेक करून असं बघा. नेमबायो म्हणून डोमेन विक्रीच्या नोंदी ठेवणारी साइट आहे, तिथे तुमचं एक्स्टेंशन टाकून सगळ्यात मोठी विक्री बघू नका, गेल्या दोन वर्षांत एकूण किती विकली गेली आणि मधला आकडा काय ते बघा, आणि त्यात आपल्या भागातल्या किंवा भारतातल्या गावाचं एखादं तरी नाव आहे का. मग गुगलमध्ये साइट, कोलन आणि तुमचं एक्स्टेंशन टाकून बघा, त्या एक्स्टेंशनवर खरे धंदे चालतायत की नुसत्या विक्रीच्या पाट्या आणि स्पॅम. हे महत्त्वाचं आहे, कारण अगदी स्वस्तात वाटलेली एक्स्टेंशन्स स्पॅमवाले सगळ्यात आधी घेतात आणि मग त्यावरून पाठवलेला साधा कोटेशनचा मेलसुद्धा लोकांच्या जंकमध्ये जातो. डॉट एक्सवायझेडवर गुगलच्या मुख्य कंपनीने २०१५ मध्ये आपलं पान टाकलं, तरी ठाण्यातला दुकानदार काही तिकडे वळला नाही. मग त्याच नावाचं डॉट कॉम आणि डॉट इन बघा. डॉट इन जर सहाशे-सातशेला अजून मोकळं पडलेलं असेल तर तुमच्या डॉट होम्सची रीसेल किंमत त्यापेक्षा जास्त असायचं कारणच नाही.

शेवटी प्रत्येक नावापुढे तीन घेणाऱ्यांची नावं लिहा, खरी, फोन नंबर मिळेल अशी. तीन लिहिता आले नाहीत की ते नाव सुटलं. माझा अंदाज, चार-पाच उरतील.

त्या चार-पाचांना नीट संधी द्या. साधं एक पान टाका, 'हे नाव विकायचं आहे' आणि रुपयात किंमत, कारण किंमत न लिहिलेल्या नावाची चौकशी करायला आपल्याकडे कुणी फोन करत नाही. सेडो, आफ्टरनिक या नावं विकायच्या साइटवर लिस्ट करा. त्या तीन-तीन माणसांना एकेकाला वेगळा, सभ्य मेल किंवा फोन करा, घाऊक मेल नको, तो स्पॅम होतो. २५-३० हजाराला कुणी तयार झालं तर ताणू नका. एक वर्ष द्या, जास्त नाही, आणि तारीख आत्ताच कॅलेंडरमध्ये टाका. रिन्यू करण्याआधी दुसऱ्या दोन रजिस्ट्रारचे, म्हणजे नावं नोंदवून देणाऱ्या कंपन्यांचे, ट्रान्सफरचे दर बघा, ट्रान्सफर केलं की एक वर्ष वाढतंच आणि बऱ्याचदा ते रिन्यूअलपेक्षा स्वस्त पडतं. फक्त मुदत संपायच्या बऱ्यापैकी आधी करा.

बाकीच्यांचं ऑटो रिन्यूअल आज रात्री बंद करा. ही गोष्ट लोक हमखास विसरतात आणि मग कार्डावरून पैसे कापल्यावर मला मेल करतात. मुदत संपली म्हणजे नाव त्याच दिवशी जातं असं नाही, काही दिवस, किती ते रजिस्ट्रारवर अवलंबून, पण फार तर दीड महिना, नेहमीच्या दरात परत घेता येतं, मग ३० दिवस जबर दंड भरून, आणि मग पाच दिवसांनी ते मोकळं होतं. म्हणजे त्या आठवड्यात घाबरून निर्णय फिरवायची गरज नाही. आणि कुणाला खरंच हवं असेल तर तो याच काळात तुम्हाला शोधत येईल. माझ्या १३ नावांसाठी कुणी आलं नाही, आणि मी ती सोडल्यावर ती परत कुणी घेतलीसुद्धा नाहीत, मला वाटतं त्या दिवशी मला त्यांची खरी किंमत कळली.

३८ हजार गेले. ते परत मिळवायला म्हणून २ लाख २२ हजार घालायचे नाहीत एवढं मला तुम्हाला कळकळीनं सांगायचंय. तुम्हाला या विषयात गोडी आहे, शोधायची, अंदाज बांधायची, ती वाया जायचं कारण नाही. एक नाव ठेवा जे तुम्हाला स्वतःला वापरावंसं वाटतं. पत्रात तुम्ही ओझरतं लिहिलंय की विमानतळावर जायला कुठल्या स्टेशनवरून काय मिळतं हे लोक तुम्हालाच विचारतात. मग त्याचंच एक साधं मराठी पान करा, बस, रिक्षा, वेळा, खरे रेट. ज्या नावावर रोज माणसं येतात त्याची किंमत काढायला टूल लागत नाही, आणि असं पान डॉट इनवर केलंत तर वर्षाचा खर्च हजाराच्या आत.

राहिलं डॉट भारत. हे आपलंच आहे, डॉट इन सांभाळणारी निक्सी ही संस्थाच ते चालवते, देवनागरीतलं ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झालं आणि हिंदी, मराठी, कोकणी सगळ्यांना एकच. मला ते मनापासून आवडतं, उलवे डब्ल्यूनी की व्हीनी हा प्रश्नच तिथे येत नाही. पण अजून कितीतरी फॉर्म आणि अ‍ॅप देवनागरी मेल पत्ता घेतच नाहीत, लोक ब्राउझरमध्ये मराठीत पत्ता टाइप करत नाहीत, आणि ही नावं विकत घेणारा बाजार मला गेल्या इतक्या वर्षांत दिसलेला नाही. विकायला म्हणून एकही घेऊ नका. त्या विमानतळाच्या पानासाठी मात्र डॉट इनच्या जोडीला एक जरूर घ्या आणि दोन्ही एकाच जागी वळवा, रिक्षाच्या मागे मराठीत रंगवायला ते छान दिसेल.